प्रभाताईंची कोमट बाटली

शनिवार, १४ जून, दुपारी सव्वादोन. रक्कम रुपये एकशे पन्नास. हजर तिघं: आमच्या सानपाड्याच्या लॅबचे मालक डॉ. सामंत, मायक्रोस्कोपच्या टेबलावरच्या प्रभाताई म्हात्रे आणि बिलिंगच्या काउंटरवरची मी.

एकशे पन्नास रुपये ही एका तपासणीची फी. बाईच्या अंगावरून पांढरं जातं, खाज येते, वास येतो. अशा वेळी योनीमार्गातला स्राव कापसाच्या काडीवर घेतात, मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळून काचपट्टीवर ठेवतात आणि लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात. आमच्याकडे हे काम अकरा वर्षं प्रभाताई करत होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, १ जुलैपासून ते बंद करावं. काड्या बाकीच्या नमुन्यांबरोबर मुख्य लॅबला जातील, तिथे दुसऱ्या दिवशी बघतील. टेबल हललं की त्या जागी रक्त घ्यायची दुसरी खुर्ची बसते. दीडशे रुपयांच्या तपासणीला किती जागा आणि किती वेळ लागतो हा हिशेब त्यांनी मलाच विचारला होता, आणि मीच करून दिला होता. हिशेब बरोबर होता.

"प्रभाताई, मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "डिसेंबरला तुम्ही रिटायर होताय. सहा महिने रिपोर्ट टाइप करा, आराम आहे."

"आरामाचं मंग बघू, सायब. काडी दुसऱ्या दिवशी बघनार?"

"हो."

"मंग बघून काय करनार? तो तवर मेलेला असंल."

डॉक्टरांनी 'कोण' असं विचारलं नाही. त्यांना माहीत होतं: स्रावातला एक हलणारा जंतू. ते माझ्याकडे वळले. "शिंदेबाई, तो सापडतो किती वेळा? आकडा काय?"

मी म्हटलं, आत्ता माझ्याकडे नाही. रजिस्टरवरून काढून देते.

"द्या. महिनाअखेरपर्यंत. इथे बघण्यात आणि उशिरा बघण्यात फरक पडतो हे दाखवा, टेबल राहील. नाहीतर नाही."

प्रभाताई उठल्या, डाव्या हाताची मूठ तशीच मिटलेली ठेवून आत गेल्या. त्या मुठीत काय आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मुठीत बाटली असायची. मिठाच्या पाण्याची, बोटभर उंचीची, थेंब पाडायला तोटी असलेली. आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या यंत्रासाठी एसी दिवसभर चालतो. त्या गारठ्यात उघड्यावर ठेवलेलं पाणी थंड होतं, आणि थंड थेंबात तो जंतू हलायचा थांबतो. म्हणून प्रभाताई बाटली मुठीत धरून बसत; जेवायला गेल्या तर कोटाच्या आतल्या खिशात. त्यांच्या टेबलावर येणारी एसीची झडप त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने बंद केली होती. दर तीन महिन्यांनी मेकॅनिक यायचा, पुठ्ठा काढून टाकायचा, आणि तो जिना उतरेपर्यंत पुठ्ठा पुन्हा जागेवर असायचा.

"ताई, मशीनला थंडी लागते," मेकॅनिक एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"लागू दे. जंतूला ऊब लागते. मी जंतूच्या बाजूची."

बोलणं त्यांचं असं. त्या इथल्याच, आजूबाजूला इमारती उठायच्या आधीच्या गावातल्या. वडिलांची होडी होती, आई मासळी घेऊन बाजारात बसायची. त्या घरातल्या लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेल्या पहिल्या. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत आहे, कारण स्वतःबद्दल त्या बोलत नसत. मी साताऱ्याकडची, माझे यजमान मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब बघतात. माझं बोलणं त्यांना फार कोरडं वाटायचं. "शिंदेबाय, तू बोलतंस का पावती फाडतंस?" असं त्या विचारायच्या.

मासळीच्या घरात वाढल्याचा त्यांना या कामात एक फायदा होता. स्रावाच्या थेंबावर एका रसायनाचा थेंब टाकला आणि माशासारखा वास आला, तर एका विशिष्ट संसर्गाची ती खूण असते. पुस्तकात तसंच लिहिलंय म्हणे. डॉ. सामंतांना बारा महिने सर्दी. ते काच नाकाजवळ नेऊन म्हणायचे, "काही नाही वाटत." प्रभाताई हातभर अंतरावरून म्हणायच्या, "हाय." मग त्या काच मायक्रोस्कोपखाली सरकवायच्या, आणि काचेवरच्या पेशी जंतूंनी माखलेल्या निघायच्या. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, मासा कुठला तेही सांगाल तुम्ही." त्यावर प्रभाताई गंभीरपणे म्हणाल्या, "कालचा."

हा सगळा विषय आमच्यासारख्या बायका आपसातही बोलत नाहीत. काउंटरवर आलेली बाई चिठ्ठी उलटी करून देते. मीही सुरुवातीला बिलावरचं नाव वाचताना आवाज खाली आणायची. प्रभाताई आणत नसत. आणि ओरडतही नसत. कुणी कावीळ म्हणतं, कुणी मोतीबिंदू म्हणतं, तसं त्या म्हणायच्या, "अंगावर जातंय ना? या, बघू." पाच मिनिटांत ती बाई सासूपासून सगळं सांगत असायची.

आमच्या लॅबच्या खालीच औषधाचं दुकान आहे. तिथले शेठ खाज म्हटलं की एक क्रीम देत, आणि फार तक्रार असेल तर एक पाकीट. त्या एका पाकिटात तिन्ही प्रकारच्या संसर्गांच्या गोळ्या एकत्र. एका दुपारी प्रभाताई स्वतःची बीपीची गोळी घ्यायला खाली गेल्या होत्या, मी बरोबर होते.

"शेठ, ते पाकीट कोनाला दिलं आता?"

"ताई, पेशंटला घाई असते. तिन्हीपैकी एक तर लागू पडेल."

"आमच्या चाळीत तीन भाडेकरू हायत. एकानं नळ चालू ठेवला, पानी सांडलं. मी काय करू? तिघांना बाहेर काढू?"

शेठ हसले. "मग काय करायचं?"

"नळ कोनाचा ते बघायचं."

मग तिथेच, काउंटरला टेकून, त्यांनी शेठना तिन्ही भाडेकरू समजावले. पहिली बुरशी, तिला क्रीम चालतं. दुसऱ्यात बाहेरचं कुणी येत नाही; आतल्या चांगल्या जंतूंची संख्या घटते आणि दुसऱ्यांची गर्दी होते; त्याला बुरशीचं क्रीम कितीही चोपडा, काही होत नाही. आणि तिसरा तो, ट्रायकोमोनास. एकच पेशी, शेपट्या असलेला, हलणारा. तो नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, म्हणून गोळ्या दोघांना द्याव्या लागतात. त्रास तिघांचा सारखाच दिसतो. नुसतं ऐकून किंवा वरवर बघून चांगले डॉक्टरही चुकतात. शेठनी पाकिटं विकायची बंद केली असं नाही. पण त्यानंतर अधूनमधून एखादी बाई जिना चढून यायची आणि म्हणायची, "खालच्या शेठनी आधी बघून घ्या सांगितलं."

नमुना घ्यायचं काम वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांची आया काडीची नळी घेऊन जिन्यावरून धावत यायची, कारण प्रभाताईंनी तिला दहा मिनिटं दिलेली होती. नळी आली की भिंतीवरच्या घड्याळात बघून त्या वेळ लिहीत, मुठीतल्या बाटलीतला थेंब काचेवर सोडत, आणि डोळा लावत. त्या वेळेत त्यांच्याशी बोलायचं नाही. एकदा लॅबच्या प्रमाणपत्रासाठी तपासनीस आले. डॉक्टर त्यांना घेऊन टेबलाशी आले, ओळख करून द्यायला लागले. प्रभाताईंनी मान वर केली नाही. "दहा मिनटं थांबा सायब, माझा हलतोय." तपासनीस थांबले. नंतर त्यांनीही डोळा लावून बघितलं. प्रमाणपत्र मिळालं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तीन वर्षांपूर्वी लॅबमध्ये रिपोर्टासाठी नवीन सॉफ्टवेअर आलं. त्यात ट्रायकोमोनासपुढे दोनच पर्याय होते: 'आहे' आणि 'नाही'. प्रभाताईंनी ते वापरायला नकार दिला.

"ताई, नसेल तर 'नाही' लिहायचं, त्यात काय?" मी म्हटलं.

"मना दिसला तर हाय. मना नाय दिसला म्हनजे नाय असं नाय. मी कोन नाय म्हननारी? मी काचेवरचा एक थेंब बघितला, बाय. अख्खी बाई नाय बघितली."

अकरा दिवस त्या हाताने रिपोर्ट लिहीत राहिल्या. बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि तिसरा पर्याय घालून गेला: 'दिसले नाही'. त्या दिवसापासून त्यांच्या एकाही रिपोर्टात 'नाही' हा शब्द एकटा नाही. मी तपासलं आहे.

तर १४ जूनच्या त्या बैठकीनंतर मी रजिस्टर काढलं. १ जानेवारीपासूनच्या नोंदी. आमच्याकडे या तपासणीचे नमुने दोन ठिकाणांहून येतात: वरच्या मजल्यावरून, आणि करंजाड्याच्या आमच्या कलेक्शन सेंटरवरून. करंजाड्याचे नमुने दुपारच्या गाडीने येत. तेही प्रभाताईच बघत. मी दोन रकाने केले. सानपाड्याचे नमुने दोनशे बारा. त्यात ट्रायकोमोनास नऊ जणींत दिसला. करंजाड्याचे एकशे एकतीस, दिसला शून्य. हे आमच्या एका वहीतले आकडे आहेत, त्यांवरून जगाबद्दल कुणी काही सिद्ध करू नये. पण शून्य मला खटकलं. कमी असता तर खटकलं नसतं.

मी कागद प्रभाताईंपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"करंजाड्याच्या बायका काय देवाकडून आल्यात?"

"बुरशी तिथूनही सापडते, ताई. दुसरा प्रकारही. साधारण आपल्याइतकीच. फक्त हाच नाही."

"कारन ते दोघे मेले तरी काचेवर दिसतात. हा हलला तरच वळखू येतो." त्यांनी कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, बाटलीशेजारी. "मना वाटायचं, दोन तास लागतात म्हनून थोडे सुटत असतील. सगळेच सुटतील असं नवतं वाटलं. त्या सगळ्यांवर सही माझी हाय, बाय."

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या स्वतःच्या खर्चाने करंजाड्याला गेल्या, मला घेऊन. सेंटर अर्धा दिवस उघडं असतं. तिथे रेश्मा नावाची मुलगी एकटी सगळं सांभाळते. नमुने नीट लावलेले, चिठ्ठ्या सरळ, फरशी पुसलेली. प्रभाताईंनी खोका उघडायला सांगितला. रक्ताच्या नळ्या, लघवीच्या डब्या आणि तीन काड्या, सगळं बर्फाच्या पिशव्यांमध्ये ओळीने. आमच्याकडे खोका पोचला की माणूस नळ्या काढून स्टँडवर लावतो आणि मग आत देतो. म्हणून तो बर्फ प्रभाताईंच्या हाताला कधी लागलाच नव्हता.

त्यांनी एक नळी उचलली आणि मुठीत धरली.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "अगो, ही काय मासली हाय, बर्फात ठेवायला?"

रेश्मा घाबरली. "मॅडम, मी वाचूनच करते. बघा ना." भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेली सूचना होती: 'सर्व नमुने गोळा केल्यापासून पाच मिनिटांत बर्फाच्या खोक्यात ठेवावेत.' खाली सही डॉ. सामंतांची. रेश्माने खरोखरच पाच मिनिटांत ठेवले होते. एकदाही चुकली नव्हती. तिच्याइतकी शिस्त नसती तर एखादी काडी बाहेर राहिली असती आणि एखादा जंतू जगला असता.

प्रभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय नाय चुकलं. आमचं चुकलं. मी लहान असताना घरात येईल ते बर्फात जायचं. मना पयलंच कळायला पायजे होतं."

परत येताना रिक्षात त्या फक्त एक वाक्य बोलल्या. "वहीत बघ, करंजाड्याची कोन बाई परत परत आली."

वहीत एक नाव तीनदा होतं. इथे मी तिला सविता म्हणते. खरं नाव दुसरं आहे. फेब्रुवारी, एप्रिल, जून. तिन्ही वेळा 'दिसले नाही', तिन्ही वेळा बुरशीही नाही, दुसरा प्रकारही नाही, आणि तिन्ही वेळा तिला नाइलाजाने क्रीम दिलेलं. मी फोन केला, पैसे लागणार नाहीत, एकदा सानपाड्याला या म्हटलं. बुधवारी, २५ जूनला, ती आली. बरोबर नवरा. तो न्हावा शेवा बंदरावर कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं करतो. तो काउंटरसमोरच्या बाकावर मोबाइल बघत बसला. मोबाइल बंद होता हे मला दिसत होतं.

सविता आत आल्यावर आधी रडली. सासूबाई म्हणतात, तू स्वच्छ राहत नाहीस. म्हणून ती दिवसातून चार वेळा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुवायची. नवरा दोन महिने हॉलमध्ये झोपत होता. "मॅडम, रिपोर्टात काहीच येत नाही. मग माझ्या डोक्यातच आहे का हे?"

"ते धुवायचं आधी बंद. नुसतं पानी, तेपन बाहेरून. आतलं आतलं सांभालून घेतं." प्रभाताईंनी तिला पाणी दिलं. "आनि डोक्यात काय हाय ते मना दिसत नाय. काचेवर काय हाय ते बघू."

डॉक्टरीणबाईंनी नमुना घेतला. आया धावत आली. प्रभाताईंनी घड्याळ बघितलं, अकरा वाजून सात मिनिटं. थेंब सोडला, डोळा लावला. मी दारात उभी होते. तिथे उभं राहण्याचं माझं काही काम नव्हतं. अकरा वाजून बारा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "ये, बघ."

सविताने डोळा लावला. मग म्हणाली, "हे... हे उंडारतंय."

"हां. तोच तुझ्या डोक्यात होता."

आणि सविता हसली. नाक पुसत हसली. मला वाटतं, दिसलं याचाच तिला आनंद झाला होता. मग हसू गेलं आणि तिने जे विचारायचं ते विचारलं. "हा येतो कुठून?"

प्रभाताईंनी नवऱ्याला आत बोलावलं. तो आला, दाराला धरून उभा राहिला. त्यांनी दोघांना एकत्रच सांगितलं, हे काय आहे, कसं जातं, गोळ्या दोघांना का.

"मला काहीच त्रास नाही," तो म्हणाला.

"म्हनून तर. पुरुषाला बरेचदा कळतच नाय. बाईलापन कधी कधी वर्ष-वर्ष कळत नाय."

"मग कुणाकडून..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"तू कस्टमचे कागद करतोस ना, दादा? कंटेनर आला, कुठल्या बंदरातून, कवा निघाला, तुला कसं कळतं?"

"कागदावर असतं."

"याला कागद नाय. तारीख नाय, बंदर नाय. माझ्या मायक्रोस्कोपात फक्त माल दिसतो. हा तुमच्या लग्नाच्या आधीचापन असू शकतो. कोनाचा, ते शोधत बसलात तर तो बसंल आत, आनि तुम्ही दोघं बसाल बाहेर."

तो काही वेळ मायक्रोस्कोपकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "गोळ्या दोघांनी एकदमच घ्यायच्या का?"

"एकदमच. बाकी डॉक्टरीणबाई सांगतील तसं. आनि तीन महिन्यांनी परत दाखवायचं."

जाताना त्याने सविताच्या हातातली फाइल स्वतःकडे घेतली. एवढंच मला दिसलं.

३० जूनला, सोमवारी, पुन्हा आम्ही तिघं. मी दोन रकान्यांचा कागद ठेवला. खाली सविताच्या चार तपासण्या, नाव न लिहिता: तीन गार, एक कोमट. डॉक्टरांनी वाचलं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. ते हुशार आहेत.

"काड्या बर्फात ठेवायला कुणी सांगितलं?"

प्रभाताईंनी भिंतीवरच्या सूचनेची मोबाइलवर घेतलेली प्रत पुढे केली. डॉक्टरांनी आपली सही बघितली, चष्मा काढला, पुसला.

"आणि मुख्य लॅबला दुसऱ्या दिवशी बघितलं असतं, तर सगळं सानपाडा करंजाडं झालं असतं," ते म्हणाले.

"व्हय."

"पण प्रभाताई, गरम काचेवरही तुमच्याकडून सुटत असणारच. नव्या यंत्राची तपासणी आहे, त्यात जंतू मेला तरी त्याची खूण सापडते. महाग आहे, पण जास्त पकडते."

मला वाटलं आता त्या भांडतील. त्या म्हणाल्या, "सुटतातच. मी रोज लिवते की, दिसले नाय. ते यंत्र चांगलं हाय, सायब. जिची काच साफ आनि तक्रार चालू, तिला ते द्या. पन पयली काच इथं. दीडशे रुपयात जिला कळतं, तिला महागात कशाला घालवायचं?"

टेबल राहिलं. लॅबच्या कपाटातला एक जुना मायक्रोस्कोप करंजाड्याला गेला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोन दिवस प्रभाताईंनी रेश्माला शिकवलं. भिंतीवरच्या सूचनेत 'सर्व' पुढे डॉक्टरांनी पेनाने एक ओळ वाढवली: 'योनीस्रावाच्या काड्या सोडून'. सविताला तीन तपासण्यांचे साडेचारशे रुपये परत दिले गेले. "सही माझी होती," म्हणून प्रभाताई ते स्वतः द्यायला निघाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खोका लॅबचा, पैसे लॅबचे. सप्टेंबरअखेर ती पुन्हा दाखवायला आली. या वेळी प्रभाताईंनी काच पाहिली आणि नमुना यंत्राच्या तपासणीलाही पाठवला. दोन्हीकडे काही नाही, आणि तक्रारही नाही. सोबत सासूबाई होत्या, पेढे घेऊन, कारण काय ते त्यांना नीट माहीत नसावं.

३१ डिसेंबरला प्रभाताई रिटायर झाल्या. भाषण करा म्हटलं, तर म्हणाल्या, "मी पयली काच इथं बघितली, शेवटची आता बघून आले. चहा द्या." त्यांच्या जागेवर स्नेहल नावाची मुलगी आली आहे. प्रभाताईंनी तिला दोन महिने बरोबर बसवलं होतं. जाताना बाटली तिच्या हातात दिली आणि तिची बोटं स्वतःच्या बोटांनी मिटली. मुलगी लाजली. पुठ्ठा मात्र त्या घेऊन गेल्या. का ते मला अजून कळलेलं नाही. स्नेहलने दुसऱ्या दिवशी नवा लावला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, त्या धाकट्या सुनेला घेऊन आल्या. सुनेने चिठ्ठी उलटी करून माझ्यापुढे ठेवली. प्रभाताईंनी ती सरळ केली.

"वाच की, शिंदेबाय. कावील असती तर वाचली असतीस."

मी वाचली. बिलात स्टाफची निम्मी सूट लावली. त्यांनी बिल परत सरकवलं.

"मी स्टाफ नाय आता. ही पेशंट, मी बरोबरची."

मी बिल बदललं. त्यांना म्हटलं, आत जा, स्नेहलला बरं वाटेल. त्या गेल्या नाहीत. नवरे बसतात त्याच बाकावर बसल्या, पर्स मांडीवर धरून. आया नळी घेऊन जिन्यावरून आली, धावत. प्रभाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनात वेळ धरली, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. आतलं दार अर्धं उघडं होतं. स्नेहल पाठमोरी होती. डोळा लावलेला, उजवा हात स्क्रूवर, डाव्या हाताची मूठ मिटलेली. प्रभाताईंनी ती मूठ बघितली. मग त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं, पर्समधून शेंगदाणे काढले आणि निवांत खाऊ लागल्या.

रिपोर्टात काय आलं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. भरलेली रक्कम रुपये एकशे पन्नास, रोख, पूर्ण. भरणाऱ्या प्रभाताई म्हात्रे, घेणारी मी. पावती सुनेच्या नावाने.